अन्नाची दुसरी वाट

आपल्याकडे आजारी माणूस दोन दिवस नीट जेवला नाही, की घरातले कुणीतरी म्हणतेच, "एक सलाईन लावून घ्या, म्हणजे ताकद येईल." तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यापासून महानगरातल्या मोठ्या रुग्णालयापर्यंत हा विश्वास सारखाच पक्का आहे. बाटली 'चढते', रुग्णाला तरतरी येते आणि नातेवाईक निर्धास्त होतात. 'सलाईन' हा शब्द तर आता इतका आपला झाला आहे, की तो मराठी नाही असे सांगितले तर ऐकणाऱ्याला नवल वाटावे.

थोडा हिशेब मांडून पाहू. साध्या सलाईनच्या एक लिटर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. उष्मांक शून्य. ज्याला आपण 'ग्लुकोजची बाटली' म्हणतो, त्या पाच टक्के द्रावणाच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर असते. तिच्यातून पावणेदोनशे ते दोनशे उष्मांक मिळतात, म्हणजे साधारण दोन पोळ्यांइतके. प्रथिने नाहीत, स्निग्धांश नाही. दिवसभरात अशा तीन बाटल्या चढवल्या, तरी रुग्णाच्या पोटात सहा कोरड्या पोळ्यांपलीकडे काही गेले असे म्हणता येणार नाही. तरतरी येते ती शरीराचे हरवलेले पाणी आणि मीठ भरून निघाल्यामुळे. तहान भागते, भूक तशीच राहते.

मग खरेखुरे जेवण शिरेतून देता येतच नाही का? येते. ज्यांचे आतडे कापून काढावे लागले आहे किंवा मुळात जन्मतःच अपुरे आहे, अशी माणसे तोंडाने घासही न घेता वर्षानुवर्षे जगू शकतात. पण ही गोष्ट शक्य व्हायला तीनशे वर्षे लागली. वैद्यकाच्या इतिहासाचा हौशी वाचक म्हणून या तीनशे वर्षांचा माग काढताना एक गोष्ट माझ्या पुन्हा पुन्हा लक्षात आली. ही वाट ऑक्सफर्ड, एडिंबरा, स्टॉकहोम आणि फिलाडेल्फिया या शहरांतून जाते हे खरे. पण तिचे काही महत्त्वाचे धागे आपल्या बंगालला येऊन मिळतात. आणि बंगालने जे शिकवले ते फिलाडेल्फियाच्या अगदी उलट होते.

हंसाचे पीस आणि मद्याचा प्रयोग

विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रक्त शरीरात गोल फिरते, हे एकदा कळल्यावर पुढचा विचार सुचणे स्वाभाविकच होते: शिरेत एखादा पदार्थ सोडला, तर तो सगळ्या शरीरभर पोचेल. १६५६ मध्ये ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर रेन याने हे करून पाहिले. लंडनचे सेंट पॉल्स कॅथीड्रल उभारणारा वास्तुविशारद तो हाच. हंसाच्या पिसाची पोकळ दांडी ही त्याची सुई आणि प्राण्याचे मूत्राशय ही पिशवी. त्यातून त्याने कुत्र्याच्या शिरेत मद्य सोडले. कुत्रा झिंगला. म्हणजे तोंडावाटे न जाता एखादा पदार्थ आपला गुण दाखवू शकतो, हे सिद्ध झाले.

पण गुण दाखवणे वेगळे आणि पोसणे वेगळे. त्याच शतकात विल्यम कोर्टेन याने कुत्र्याच्या शिरेत ऑलिव्ह तेल सोडले, कुत्रा मेला. तेल रक्तात मिसळत नाही, त्याचे थेंब फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. हा धडा पुढे अडीचशे-तीनशे वर्षे शास्त्रज्ञांना छळणार होता.

कॉलऱ्याचे पाणी

१८१७ मध्ये गंगेच्या मुखाजवळच्या प्रदेशातून कॉलऱ्याची साथ बाहेर पडली आणि १८३१ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. तेव्हा बावीस वर्षांच्या विल्यम ब्रूक ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने कॉलऱ्याच्या रुग्णांचे रक्त तपासले. त्यातले पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात नाहीसे झालेले होते. जे गेले ते परत द्या, असे त्याचे साधे म्हणणे होते.

ते प्रत्यक्षात आणले स्कॉटलंडमधल्या लीथ या बंदराच्या गावी थॉमस लाटा या डॉक्टरने. १८३२ मध्ये त्याने मरणाच्या दारातल्या एका वृद्ध स्त्रीच्या शिरेत मीठ आणि सोडा घातलेले पाणी सोडायला सुरुवात केली. खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागली, थंड पडलेले अंग उबदार झाले. लाटा तिला दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून विश्रांतीला गेला. पुन्हा जुलाब-उलट्या सुरू झाल्या, पण पुन्हा पाणी कुणी सोडले नाही. साडेपाच तासांत ती गेली. जितके जाते तितके देत राहावे लागते, हे त्या मरणातून लाटा शिकला आणि पुढचे काही रुग्ण त्याने वाचवलेही. मात्र साथ ओसरली, १८३३ मध्ये लाटा स्वतः वारला आणि ही पद्धत कित्येक दशके विस्मरणात गेली. ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कोलकात्याला आला, तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि पुढे भारतात तारायंत्राच्या तारा टाकणारा म्हणून प्रसिद्ध झाला.

लाटाने दिले ते पाणी होते, अन्न नव्हे. अन्न देण्याचा प्रयत्न १८५० च्या दशकात टोरांटोच्या एडवर्ड हॉडर याने केला. कॉलऱ्याच्या तीन रुग्णांच्या शिरेत त्याने चक्क गाईचे कोमट दूध गाळून सोडले. दोघे वाचले! आज कुणी असे करायला धजणार नाही.

शिरेची वाट इतकी भरवशाची नव्हती, की १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली आणि त्यांना अन्न जाईना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना गुदद्वारातून मांसाचा अर्क, अंडी आणि व्हिस्की द्यायला सुरुवात केली. मोठ्या आतड्याला हे पदार्थ पचवता येत नाहीत. गोळी लागल्यापासून मृत्यूपर्यंतच्या अडीच महिन्यांत त्या धिप्पाड माणसाचे वजन २१० पौंडांवरून सुमारे १३० पौंडांवर आले. देशातल्या सर्वांत बड्या माणसाची सर्वांत बड्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपासमार झाली.

शिरेला काय चालते?

अडचण कुठे होती? आपण जे खातो ते रक्ताला चालत नाही. डाळीतले, दुधातले, मांसातले प्रथिन जसेच्या तसे शिरेत गेले, तर शरीर त्याला परका शत्रू मानते. पोट आणि आतडे त्या प्रथिनाचे बारीक तुकडे, म्हणजे अमिनो आम्ले, करून मगच रक्तात सोडतात. तेव्हा शिरेतून जेवू घालायचे, तर आतड्याचे काम आधी बाहेर बाटलीत करावे लागणार होते.

साखरेचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. ग्लुकोज रक्तात असतेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाला ते शिरेतून देऊन झाले होते. प्रथिनांचा प्रश्न १९१३ मध्ये डेन्मार्कमध्ये एका बोकडाने पुढे नेला. हेन्रिकेस आणि अँडरसन यांनी आधीच विघटन केलेले प्रथिन शिरेतून देऊन त्याला सोळा दिवस पोसले. १९२३ मध्ये फ्लॉरेन्स सीबर्ट या अमेरिकन संशोधक स्त्रीने आणखी एक कोडे उलगडले. शिरेतून पाणी दिल्यावर रुग्णाला थंडी वाजून ताप का येतो? उकळून जंतू मेले, तरी त्यांनी मागे सोडलेली ताप आणणारी द्रव्ये पाण्यात उरतात, हे तिने दाखवले. शुद्ध पाण्याची व्याख्याच बदलली. सलाईन सुरक्षित झाले त्यात या शोधाचा वाटा फार मोठा आहे.

त्यानंतर १९३७ मध्ये सेंट लुइसच्या रॉबर्ट एलमन या शल्यविशारदाने विघटित प्रथिन माणसाच्या शिरेत दिले आणि ते मानवते असे दाखवले. साखर होती, अमिनो आम्ले आली. भुकेल्या माणसाला आता बाटलीतून पोसता येईल, अशी आशा निर्माण झाली. ती आशा पारखून घेण्याची वेळ लगेचच आली, आणि ती आपल्या देशात आली.

कोलकाता, १९४३

बंगालच्या दुष्काळाविषयी मराठी वाचकाला निदान ऐकून माहिती आहे. खेड्यांतून माणसे कोलकात्याच्या रस्त्यांवर आली. ती भात मागत नव्हती. 'फॅन दाओ' म्हणत होती, म्हणजे भाताची नुसती पेज द्या. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

रुग्णालयांत आणले गेलेले अनेकजण जेवण्याच्या पलीकडे गेले होते. दीर्घ उपासमारीत आतड्याचे अस्तरही झिजते. अशा माणसाला भात वाढला तर जुलाब लागतात, आणि ज्या अन्नासाठी तो तडफडत होता तेच त्याला घेऊन जाते. कोलकात्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थमधले के. व्ही. कृष्णन आणि त्यांचे सहकारी नारायणन व शंकरन यांनी या रुग्णांवर विघटित प्रथिनांचा उपचार करून पाहिला आणि १९४४ मध्ये त्याविषयीचा निबंध 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये प्रसिद्ध केला. परिणाम आशादायक वाटत होते. आतडे थकले असेल तर त्याला बगल देऊन थेट रक्तात अन्न पोचवायचे, ही कल्पना तर्काला पटणारी होती. तोंडाने घेऊ शकणाऱ्यांसाठी दुधाची भुकटी, पीठ, साखर आणि मीठ यांचे एक पातळ मिश्रणही याच काळात वापरात आले. पुढे ते 'बेंगॉल फॅमिन मिक्श्चर' या नावाने ओळखले गेले.

इथे मला एक गोष्ट खटकते आणि ती नोंदवायला हवी. कृष्णन यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. समोर मरणाऱ्या माणसासाठी डॉक्टर हातात असेल ते करतो. पण त्या लाखो माणसांना अमिनो आम्लांची उणीव नव्हती, तांदळाची होती. बाजारात तांदूळ होता तेव्हाही तो विकत घेण्याची ऐपत त्यांच्यात उरली नव्हती, हे अमर्त्य सेन यांनी पुढे सविस्तर मांडले. जो आजार बाजारात आणि सरकारी कचेऱ्यांत जडला होता, त्यावर शिरेतून औषध शोधले जात होते.

बेलसन, १९४५

पुढचा टप्पा जर्मनीत आहे. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश फौजा बेर्गेन-बेलसनच्या छळछावणीत शिरल्या. तिथे सुमारे ६०,००० माणसे होती, बहुतेक उपासमार आणि टायफस यांनी ग्रासलेली. हजारो प्रेते उघड्यावर पडलेली. सुटका झाल्यानंतरही तेरा-चौदा हजार माणसे मेली.

ब्रिटिशांकडे उपासमारीच्या उपचाराचा सर्वांत ताजा अनुभव बंगालचा होता. तो अनुभव, ते मिश्रण आणि ती विघटित प्रथिने बेलसनला गेली. जॅनेट व्हॉन या रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली एक लहान तुकडी मुद्दाम या प्रथिनांची परीक्षा घेण्यासाठी तिथे पोचली. लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले सुमारे शंभर विद्यार्थीही मदतीला आले.

दोन्ही उपाय फसले आणि दोन्हींची कारणे विचार करायला लावणारी आहेत. बंगालचे मिश्रण फार गोड होते. पूर्व युरोपातल्या माणसांना आंबट चवीची सवय. ते गोड पाणी त्यांच्या घशाखाली उतरेना. शिरेतल्या प्रथिनांचे तर त्याहून वाईट झाले. डॉक्टर सुई आणि नळी घेऊन खाटेजवळ आले, की रुग्ण किंचाळू लागत. त्यांनी छावणीत पाहिले होते, की ज्याला सुई टोचली जाते त्याचे पुढे प्रेतच होते. पोसायला आलेला हात त्यांना मारायला आलेला वाटला. अखेर व्हॉन यांच्या तुकडीचा निष्कर्ष स्पष्ट निघाला: ज्याला गिळता येते त्याला थोडे थोडे दूध वारंवार तोंडाने द्यावे, शिरेतल्या प्रथिनांपेक्षा ते चांगले. आणि ते कुणीतरी जवळ बसून, धीर देऊन पाजावे.

उपासमारीतले थकलेले आतडेसुद्धा हळूहळू वागवले तर काम करते, हा बेलसनचा धडा होता. तो मिळाला, नोंदला गेला आणि पुढच्या काळात वारंवार विसरला गेला.

सहा पिल्ले आणि एक मुलगी

पण ज्यांचे आतडे थकलेले नाही, तर मुळात नाहीच, त्यांचे काय? त्यांना थोडे थोडे दूध पाजून उपयोग नव्हता. १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विद्यापीठ रुग्णालयात स्टॅन्ली डडरिक या शिकाऊ शल्यविशारदाच्या देखरेखीतले तीन रुग्ण एकाच शनिवार-रविवारी दगावले. शस्त्रक्रिया उत्तम झाल्या होत्या. वरिष्ठांनी त्याला सांगितले, की हे शस्त्रक्रियेने मेले नाहीत, कुपोषणाने मेले. डडरिकने हा प्रश्न जोनाथन ऱ्होड्स या आपल्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत नेला.

अडचण साध्या गणिताची होती. हाताच्या बारीक शिरेला दहा टक्क्यांहून दाट साखर सोसत नाही. शीर सुजते आणि बंद पडते. दहा टक्क्यांच्या द्रावणातून अडीच हजार उष्मांक द्यायचे तर रोज सात लिटरहून अधिक पाणी शरीरात भरावे लागेल. इतक्या पाण्यात माणूस बुडेल. दाट द्रावण द्यायचे, तर ते अशा ठिकाणी सोडायला हवे जिथे रक्ताचा लोंढा इतका मोठा आहे, की ते क्षणात विरळ होईल. असे ठिकाण म्हणजे हृदयात उघडणारी छातीतली मोठी शीर. फ्रेंच डॉक्टर रॉबेर ओबानियाक याने १९५२ मध्येच गळपट्टीच्या हाडाखालून तिथवर जाण्याची वाट दाखवून ठेवली होती.

डडरिक, डग्लस विल्मोर, हॅरी व्हार्स आणि ऱ्होड्स यांनी बीगल जातीची सहा पिल्ले निवडली. त्यांना तोंडाने काहीच न देता, छातीतल्या मोठ्या शिरेत नळी ठेवून ग्लुकोज, अमिनो आम्ले, क्षार आणि जीवनसत्त्वे दिली. काहींना ७२ दिवस, काहींना २५६ दिवसांपर्यंत. पिल्ले नुसती जगली नाहीत. तोंडाने खाणाऱ्या भावंडांच्या बरोबरीने वाढली. जगणे थोड्या साखरेवरही काही काळ चालते. पण वाढायला सगळे काही लागते. म्हणून वाढणारे पिल्लू ही या प्रयोगाची खरी कसोटी होती.

१९६७ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात एक नवजात मुलगी उपचार घेत होती. तिचे लहान आतडे जवळजवळ नव्हतेच. वजन वाढण्याऐवजी घटत होते. विल्मोर आणि डडरिक यांनी मानेच्या शिरेतून एक बारीक नळी छातीपर्यंत नेली आणि तिचे दुसरे टोक त्वचेखालून कानामागे बाहेर काढले. चिमुकल्या हातांनी ती ओढली जाऊ नये आणि जंतूंना आत शिरायला लांबची वाट पडावी, हा त्यामागचा हेतू. मुलगी वाढू लागली. वजन वाढले, उंची वाढली, डोक्याचा घेर वाढला. सुमारे २२ महिने ती जगली आणि मग गेली. तिचे आतडे परत येणार नव्हतेच. पण तिच्याविषयीचा १९६८ मधला निबंध जगभरच्या बालशल्यविशारदांनी वाचला. तोवर अशा बाळांना वेळ देणे कुणालाच शक्य नव्हते. आता शस्त्रक्रियेनंतर आतडे सावरेपर्यंत आठवडे, महिने थांबता येऊ लागले.

जे नव्हते त्यातून

तेलाचा प्रश्न एव्हाना स्वीडनमध्ये सुटला होता. अमेरिकेत सरकीच्या तेलापासून केलेले द्रावण ताप आणि कावीळ आणत असे; ते मागे घ्यावे लागले. आर्विड व्रेटलिंड याने सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातले फॉस्फोलिपिड यांपासून अत्यंत बारीक थेंबांचे दुधट मिश्रण तयार केले. आपल्या आतड्यातून रक्तात जाणारे चरबीचे थेंब जसे असतात तसेच. 'इंट्रालिपिड' नावाने ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात वापरात आले. अमेरिकेत पोचायला १९७० चे दशक उजाडले.

मधल्या काळात स्निग्धांशाशिवाय पोसल्या गेलेल्या रुग्णांची त्वचा खवल्यांसारखी झाली, केस गळाले. शरीराला काही स्निग्ध आम्ले स्वतः बनवता येत नाहीत, हे माणसाच्या शरीरावर असे ठळक दिसले. मग एकेक करून बाकीची यादी समोर येत गेली. तोंडाभोवती आणि गुदद्वाराभोवती चट्टे उठले, म्हणजे जस्त कमी पडले. रक्तक्षय हटेना, तर तांबे. न्यूझीलंडमध्ये एका रुग्णाचे स्नायू दुखू लागले, तर सेलेनियम. १९७७ मध्ये टोरांटोत खुर्शीद जीजीभॉय यांनी क्रोमियमची गोष्ट लिहिली. हे डॉक्टर पूर्वी मुंबईत काम करत होते. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीला वर्षानुवर्षे शिरेतून पोसल्यावर मधुमेहासारखी लक्षणे दिसू लागली, पाय बधिर झाले. मायक्रोग्रॅममध्ये मोजायच्या क्रोमियमने ती बरी झाली. १९८८ मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या जीवनसत्त्वांचा तुटवडा पडला आणि केवळ थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, न मिळाल्याने तीन रुग्ण दगावले.

मला हा भाग या सगळ्या इतिहासातला सर्वांत विलक्षण वाटतो. आपण ताटात काय काय खातो याची संपूर्ण यादी माणसाने कधी केलीच नव्हती. करायची गरज नव्हती. आमटीबरोबर, भाजीबरोबर, विहिरीच्या पाण्याबरोबर जस्त, तांबे, सेलेनियम न मागता पोटात जात होते. शिरेतल्या पिशवीत मात्र आपण घालू तेवढेच असते. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या आतड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मी अशी पिशवी जवळून पाहिली. तिचे तीन कप्पे असतात: एकात ग्लुकोज, दुसऱ्यात अमिनो आम्ले, तिसऱ्यात पांढरे तेल. द्यायच्या आधी पिशवी दाबून मधल्या शिवणी उघडतात आणि सगळे दुधासारखे एकजीव होते. वरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत यादी होती. त्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे ती वस्तू न मिळाल्याने आजारी पडलेला कुणीतरी माणूस आहे.

यातूनच माणसे घरी जाऊन जगू लागली. टोरांटोत १९७० मध्ये जीजीभॉय यांनी लहान आतडे गमावलेल्या एका स्त्रीला घरी राहून रात्री नळी जोडून घ्यायला शिकवले. ती सुमारे वीस वर्षे जगली, मुलांना वाढवले. सिएटलच्या ब्रोव्हिअक आणि हिकमन यांनी १९७० च्या दशकात अशा दीर्घ वापराच्या नळ्या घडवल्या. कर्करोगाच्या रुग्णांना आज ही नावे ओळखीची आहेत.

बनगाव, १९७१

पण त्याच वर्षांत बंगालमध्ये काय चालले होते? १९६८ मध्ये, म्हणजे पिल्लांचा आणि त्या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, ढाक्यातल्या संशोधकांनी दाखवून दिले, की कॉलऱ्याच्या रुग्णाला मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र पाजले तर बरबाद झालेले वाटणारे आतडेही पाणी शोषून घेते. साखरेचा हात धरून मीठ आत जाते आणि मिठामागून पाणी.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण खाटांवर मावेनात; जमिनीवर, मळात पडून होते. सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात पुड्या भरून घेतल्या: एका लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. ते पाणी पिंपांत कालवले, पिंपांना तोट्या लावल्या आणि रुग्णांच्या आयाबहिणींना सांगितले, पाजत राहा. तीन हजारांहून अधिक रुग्णांवर असे उपचार झाले. जिथे मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, तिथे ते ३.६ टक्क्यांवर आले. जे लाटाने लीथमध्ये शिरेतून केले, ते १३९ वर्षांनी बंगालच्याच मातीत तोंडाने झाले. आणि बेलसनमध्ये कळले होते तसे, जवळ बसून पाजणाऱ्या माणसाच्या हातून झाले.

फिलाडेल्फियाने आतड्याशिवाय जगण्याची वाट उघडली. बंगालने आतड्यावर विश्वास ठेवायला शिकवले. दोन्ही खरे आहे. वैद्यकाला मात्र ते पचवायला वेळ लागला. नवी वाट सापडल्याच्या उत्साहात ती ज्याला त्याला दाखवली गेली. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या दोन कृश रुग्णांना शिरेतून भरभरून पोसल्यावर मृत्यू आल्याची नोंद झाली. उपाशी शरीराला एकदम साखर मिळाली, की रक्तातला फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढला जातो आणि हृदय व श्वास थांबू शकतात. १९९१ मध्ये ३९५ शस्त्रक्रिया-रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात दिसले, की शस्त्रक्रियेच्या आगेमागे शिरेतून पोसण्याचा फायदा फक्त अतिशय कुपोषित रुग्णांना होतो. इतरांना उलट जंतुसंसर्ग जास्त होतो. २०११ मध्ये बेल्जियममध्ये अतिदक्षता विभागातल्या ४,६४० रुग्णांच्या अभ्यासातून निघाले, की तोंडाचे वा नळीचे अन्न पुरेसे पडत नसले तरी शिरेतून पूरक अन्न द्यायला आठवडाभर थांबलेल्यांची प्रकृती लवकर सुधारली. आतडे चालत असेल तर आतडेच वापरा, असा नियम आज वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवला जातो. त्या एका ओळीच्या पोटात बेलसन आणि बनगाव दोन्ही आहेत.

हा इतिहास वाचून मला आपल्या भोवतालच्या दोन माणसांची काळजी वाटते. एक, ज्याला चमच्याने पेज पाजता आली असती, वरणाचे पाणी देता आले असते. पण पाजायला कुणाला सवड नाही म्हणून त्याच्या हाताला बाटली लागली आहे. दुसरा, ज्याचे आतडे खरोखर निकामी झाले आहे आणि ज्याला ती तीन कप्प्यांची पिशवी, छातीतली नळी आणि रोजची रक्ततपासणी हवी आहे. पण तिचा रोजचा खर्च झेपत नाही, म्हणून त्याच्याही हाताला तीच साधी ग्लुकोजची बाटली लागली आहे. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. नातेवाइकांना दोघांच्याही खाटेजवळ उपचार चालू असल्याचे समाधान असते. पहिल्याची भूक मायेच्या माणसाने भागवायची आहे आणि दुसऱ्याची शास्त्राने. त्या दोघांत फरक करायचा तर नातेवाइकांना डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा लागेल. सलाईन लावताय ना, हा तो प्रश्न नव्हे. विचारायला हवे ते हे: यांचे आतडे चालते आहे का, आणि आज यांच्या पोटात नेमके किती गेले?